लसूणघास, पिवळा धागा आणि निळा टॅग

मंडळी, पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या दावणीला एक तरी गाय आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी चहा पिता पिता वाचा, कपातलं दूध याच गोष्टीतून येतं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आम्ही १० गुंठे घास टाकला. आमच्याकडं, म्हणजे चाकणच्या आजूबाजूच्या गावांत, नुसतं ‘घास’ म्हटलं की लसूणघास. कुणी मेथीघास म्हणतं, जुनी माणसं विलायती गवत म्हणायची. मी कंपनीत पाळीवर असतो, गोठा आईवडील बघतात. बाजारातल्या एका दुकानातून अडीच किलो बी आणलं. पोत्यातून मापून दिलेलं सुटं बी, साध्या पिशवीत. बिल मागितलं नाही, त्यानं दिलं नाही.

उगवण चांगली झाली. पहिली कापणी झाली आणि पुढच्या फुटव्यात एका कोपऱ्यात पिवळे धागे दिसले. शेवयांसारखे, घासावर टाकल्यासारखे. वडिलांनी लांबूनच ओळखलं, “अमरवेल आलीय.” उपटून, जाळून बघितलं. दर कापणीला कोपरा मोठा होत गेला. त्यातून जो घास वाचला तो पावसाळ्यात ठिकठिकाणी वाळायला लागला. वडिलांनी एक मूळ उपटून विळ्यानं उभं चिरलं, आत तपकिरी झालेलं. जो वाफा तीन वर्षं चालायचा तो एका वर्षात नांगरावा लागला. एका कार्यालयात तक्रार करायला गेलो तर पहिला प्रश्न आला, “बिल आहे? पिशवी आहे? टॅग आहे?” तिन्ही नव्हतं. तक्रार तिथंच संपली.

तेव्हापासून हा ‘टॅग’ म्हणजे नेमकं काय, तो कुठून आला आणि आमच्या दुकानापर्यंत का पोचला नाही, हे वाचत बसलो. त्यात जे सापडलं ते इथं मांडतो.

आधी या पिकाचं आपल्या भागाशी नातं. नाव इंग्रजी ‘लुसर्न’वरून आलंय असं मला वाटतं, लुसर्नचं लसूण व्हायला आपल्या जिभेला कितीसा वेळ लागतो! लसणाशी याचं काहीच नातं नाही, हे कडधान्यांच्या कुळातलं, मेथीच्या जवळचं पीक. मूळ इराणकडचं, घोड्यांबरोबर जगभर गेलेलं. पुणं आणि खडकी या लष्करी छावण्या, खडकीला तोफखान्याचं मोठं ठाणं, म्हणजे घोडे आणि घोड्यांना हिरवा चारा. पुढं लष्करानं स्वतःचे गोठे काढले. देशातला पहिला मिलिटरी फार्म १ फेब्रुवारी १८८९ ला अलाहाबादला सुरू झाला आणि त्याच साखळीतला एक आपल्या पिंपरीत. आज ‘डेअरी फार्म’ म्हटलं की आपल्याला रस्ता आणि रेल्वे फाटक आठवतं, पण ते नाव खऱ्या गोठ्यावरून पडलेलं आहे. २०१७ मध्ये हे फार्म बंद करायचा निर्णय झाला आणि ३१ मार्च २०२१ ला ही सगळी व्यवस्थाच गुंडाळली. १३२ वर्षं चालली. १९६२ मध्ये एमआयडीसी आली, मग कारखाने आले, चाऱ्याची रानं गेली, पण दुधाची मागणी वाढतच गेली. आता चाकण, खेड, मावळात ज्याच्याकडं पाणी आहे आणि चार गाई आहेत तो थोडा तरी घास करतोच. कोरड्या वजनात २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, ५०-५५ दिवसांनी पहिली कापणी आणि नंतर दर २५-३० दिवसांनी. असं दुसरं वैरणीचं पीक आपल्याकडं नाही. (ओला घास एकदम भरपूर टाकला तर पोट फुगतं, हे नवीन गोठेवाल्यांसाठी. कडबा किंवा वाळलेल्या चाऱ्याबरोबर द्या.)

आता रोगाकडं. रोगावर दोन वाटा असतात, औषधाची आणि वाणाची. औषधाची वाट तर आपल्या पिंपरीतूनच गेली. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ ला स्थापन झाली ती माणसांसाठी पेनिसिलीन करायला, पण १९६० च्या दशकात एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथंच पिकांवरच्या बुरशीसाठी ऑरिओफंगिन शोधलं. स्ट्रेप्टोसायक्लिनची छोटी पुडी तर डाळिंबवाल्यांपासून भातवाल्यांपर्यंत सगळ्यांना माहीत. जिवाणू औषधाला सरावतात म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रानं त्या मिश्रणाचा शेतीतला वापर थांबवण्याचा मसुदा काढला, तो वेगळा विषय.

घासाला मात्र ही वाट जवळजवळ बंदच आहे. विचार करा, डाळिंबावर फवारलं तर तोडणीला थांबता येतं. घास महिन्याला कापायचा, सकाळी कापला की संध्याकाळी गाईच्या पोटात आणि दुसऱ्या दिवशी दुधात. थांबायचं कधी? म्हणून केवडा असो, तांबेरा असो, पानावरचे ठिपके असोत की मुळं कुजणं असो, चाऱ्याच्या पिकात खरा इलाज एकच, रोगाला दाद न देणारा वाण.

असे वाण जगात झाले. पहिली मोठी लढाई अमेरिकेत झाली आणि तिची एक मुळी आपल्या देशात आहे, हे वाचून मी खुर्चीतून उठलो होतो. १९२० च्या दशकात तिकडं लसूणघासावर जिवाणूजन्य मर रोग ओळखला गेला. वर्षानुवर्षं टिकणारे ताटवे तिसऱ्या वर्षी विरळ व्हायला लागले. मूळ कापलं की आत पिवळट-तपकिरी कडं. तिथल्या शास्त्रज्ञांनी जगभरातून गोळा केलेलं बी रोगाच्या तोंडी दिलं. जे तगले त्यात मध्य आशियातले तुर्कस्तानी प्रकार होते आणि ‘लडाक’ नावाचा एक प्रकार होता. हे लडाक म्हणजे आपलं लडाखच. १९१० मध्ये लेहहून गेलेलं थोडंसं बी. लडाखात या पिकाला ‘ओल’ म्हणतात, बर्फाच्या महिन्यांसाठी कापून वाळवून ठेवतात. त्या ओलातून आणि तुर्कस्तानी व कोसॅक नावाच्या प्रकारांतून निवडलेल्या झाडांचा संकर करून १९४२ मध्ये नेब्रास्काच्या शास्त्रज्ञांनी ‘रेंजर’ हा वाण दिला. त्यात एच. एम. टिसडल यांचं नाव पुढं घेतलं जातं.

आता इथं थांबून एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळी गंमत आणि सगळी अडचण तिच्यात आहे.

गव्हाचा वाण म्हणजे जवळजवळ एकसारखी झाडं. एक रोप तांबेऱ्याला दाद देत नसेल तर शेजारचंही देत नाही, आणि त्याचं बी घरी ठेवून पेरलं तरी तेच येतं. लसूणघासाचं तसं नाही. त्याच्या पेशीत प्रत्येक गुणसूत्राच्या चार प्रती, एकूण ३२. फूल मधमाशीनं दुसऱ्या झाडाचे पराग आणल्यावर नीट फळतं. एकाच झाडाचं स्वतःशी लग्न लावत गेलात तर दोन-तीन पिढ्यांत झाडं खुरटतात. म्हणून इथं ‘वाण’ म्हणजे एक झाड नसतंच, ती एक जत्रा असते. शास्त्रज्ञ हजारो रोपं उगवतात, त्यांना मुद्दाम रोग लावतात, बहुतेक मरतात. जी उरतात त्यांचा एकमेकांत संकर करतात, त्यांच्या पोरांना पुन्हा रोग लावतात. असं तीन-चार फेरे झाले की जत्रेत रोगाला दाद न देणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. प्रमाण वाढतं म्हणतोय, शंभर टक्के होतं असं नाही. अमेरिकेतल्या मोजणीत १०० रोपांतली ५० हून जास्त तगली की त्या वाणाला ‘अति प्रतिकारक’ म्हणतात, ३१ ते ५० तगली की ‘प्रतिकारक’, १५ ते ३० ला ‘मध्यम’. म्हणजे ज्याला आपण रोगप्रतिकारक वाण म्हणतो त्यातली निम्मी झाडं रोगाला बळी पडू शकतात, आणि तरीही वावर उभं राहतं, कारण शेजारची झाडं फुटून जागा भरतात आणि रोगाला सलग रान मिळत नाही.

प्रतिकार ही टक्केवारी असेल तर ती टक्केवारी बदलूही शकते. रेंजरच्या बाबतीत तेच झालं. तो थंड प्रदेशासाठीचा वाण, पण बी भरपूर येतं म्हणून त्याचं बीजोत्पादन कॅलिफोर्नियात न्यायला लागले. तिथं उबेत काही पिढ्या गेल्या आणि जत्रेतली थंडी सोसणारी झाडं मागं पडली. पिशवीवर नाव तेच, आतली माणसं बदललेली! तेव्हा नियम झाला की मूळ बियाण्यापासून किती पिढ्या आणि कुठं वाढवायच्या त्याला मर्यादा हवी, आणि प्रत्येक पायरीवर कुणीतरी तपासायला हवं. बियाणं प्रमाणित करणं हा प्रकार इतर पिकांतही आहे, पण घासात त्याच्याशिवाय वाणालाच अर्थ उरत नाही. कुठल्याशा शेतातून, कितव्याशा पिढीचं, कुणी न बघितलेलं बी म्हणजे तो वाण नव्हेच, मग दुकानदार काहीही नाव सांगो.

आपल्याकडं काय झालं? चाऱ्यावरची राष्ट्रीय संस्था झाशीला १९६२ मध्ये उभी राहिली. चारा पिकांचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प १९७० चा. त्यातली दोन केंद्रं आपल्या जवळची. एक राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ, स्थापना १९६८. दुसरं उरुळीकांचनचं बाएफ. बाएफची कथा वेगळ्या पोस्टचा विषय आहे. १९४६ मध्ये गांधीजी उरुळीकांचनला निसर्गोपचारासाठी आले, मणिभाई देसाई तिथंच राहिले आणि १९६७ मध्ये त्यांनी ही संस्था काढली. संकरित गाई दारोदार पोचवण्यात तिचा मोठा वाटा, आणि संकरित गाय म्हटली की हिरवा चारा आलाच.

वाण तयार झाला की त्याला लगेच वावरात पाठवत नाहीत. समन्वित प्रकल्पात तो देशभरच्या केंद्रांवर, नाव झाकून, नुसत्या क्रमांकानं पेरला जातो. शेजारी तुलनेसाठी जुना नावाजलेला वाण असतो. आधी प्राथमिक चाचणी, मग प्रगत चाचणीची वर्षं. हंगामी पिकाला तीनेक वर्षांत निकाल लागतो, पण बहुवार्षिक घासात एकच वाफा वर्षानुवर्षं कापत बसावं लागतं, कारण खरा प्रश्न पहिल्या वर्षीच्या उत्पादनाचा नसतोच, तिसऱ्या वर्षी किती झाडं उभी आहेत हा असतो. मग शास्त्रज्ञांच्या बैठकीत निवड, मग केंद्रीय समितीची शिफारस, मग राजपत्रात अधिसूचना. अधिसूचना निघाल्याशिवाय त्या वाणाचं बी प्रमाणित करताच येत नाही.

या वाटेनं बरेच वाण आले. लुधियानाचा एलएल कंपोझिट-५ केवड्याला प्रतिकारक म्हणून ओळखला जातो. गुजरातेतल्या आणंदचा आणंद-२ कच्छकडच्या घासातून निवडलेला. आणि आपल्या राहुरीचा आरएल-८८, १९९० च्या दशकातला. हा बहुवार्षिक वाण इतका रुळला की नव्या वाणांच्या चाचणीत तुलनेला तोच शेजारी पेरतात. एवढं मात्र म्हणावं लागेल की आपल्याकडच्या माहितीपत्रकांत हिरव्या चाऱ्याचे क्विंटल आधी येतात, रोगाबद्दल एखादी ओळ येते, आणि १०० रोपांतली किती तगली हा आकडा शेतकऱ्यापर्यंत येत नाही. तो यायला हवा असं माझं मत आहे. आम्हाला टक्केवारी कळते, डेअरीवर फॅट रोज बघतो.

म्हणजे वाण आहेत. कायदाही आहे. २९ डिसेंबर १९६६ चा बियाणे कायदा. त्याच्या व्याख्येत धान्य, तेलबिया, कापूस यांच्याबरोबर गुरांच्या चाऱ्याचं बी स्पष्ट लिहिलेलं आहे. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळा टॅग, पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा. घासाच्या पायाभूत बियाण्याचं शेत दुसऱ्या घासापासून ४०० मीटर लांब लागतं, प्रमाणितचं १०० मीटर, कारण मधमाशीला बांध कळत नाही. फुलोऱ्याच्या सुमाराला यंत्रणेचा माणूस येऊन शेत बघतो, अमरवेल शोधतो. मग प्रयोगशाळेत शुद्धता किमान ९८ टक्के, उगवण किमान ८० टक्के. आपल्या राज्याची प्रमाणीकरण यंत्रणा अकोल्याला, आणि १९७६ पासून महाबीजही अकोल्यालाच.

अमरवेलीचं एक सांगायला हवं. तिचं बी घासाच्या बियांएवढंच असतं, चाळणीनं निघत नाही. पण घासाचं बी गुळगुळीत आणि अमरवेलीचं खरबरीत. म्हणून कारखान्यात बियांना बारीक लोखंडी भुकटी लावतात, ती खरबरीत बियांना चिकटते आणि चुंबकाचा ढोल तेवढं ओढून घेतो. किंवा मखमली रूळ वापरतात, खरबरीत बी मखमलीला अडकतं. हे वाचल्यावर वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, “आणि आपण सुपानं पाखडत बसलो होतो.” अमरवेलीचं बी मातीत १० वर्षांहून जास्त जिवंत राहू शकतं. म्हणजे आमच्या त्या कोपऱ्यात पुढची किती वर्षं घास करायचा नाही याचा हिशोब त्या अडीच किलो बियानं आधीच करून ठेवलाय.

मग गाडं अडतं कुठं? माझ्या मते दोन ठिकाणी, आणि दोन्ही शास्त्रज्ञांच्या हातात नाहीत.

पहिलं, बी धरायचं कुणी? आपण घास फुलायला लागला की कापतो. बी धरायचं तर कापणी थांबवायची, म्हणजे ऐन उन्हाळ्यात चारा सोडून द्यायचा. वर मधमाशी हवी. घासाचं फूल हट्टी असतं, माशी बसली की आतला दांडा उसळून तिला मारतो, तेव्हा कुठं परागीभवन होतं. आपल्या मधमाश्या हुशार, मार खाल्ला की बाजूनं तोंड घालून मध चोरायला शिकतात आणि फूल तसंच राहतं. अमेरिकेत यासाठी पानं कापणाऱ्या वेगळ्या माश्या पाळतात. इथं बहुतेक बी गुजरात-राजस्थानच्या कोरड्या भागातून येतं. त्यात वाईट काही नाही, तिकडचे शेतकरी बीजोत्पादनात मुरलेले आहेत. पण त्यातलं राहुरीच्या मूळ बियाण्यापासून कितव्या पिढीचं, हे चाकणच्या दुकानात सांगणारा कुणी नसतो.

दुसरं, १९६६ च्या कायद्यात प्रमाणीकरण ऐच्छिक आहे. ज्याला करायचंय त्यानं करावं. सक्ती आहे ती अधिसूचित वाणाच्या लेबलची. म्हणजे पिशवीवर वाणाचं नावच लिहिलं नाही, नुसतं ‘घासाचं बी’ म्हणून पोत्यातून मापून दिलं, की विचारणार कोण? २००४ मध्ये नवीन विधेयक राज्यसभेत आलं, मंजूर झालं नाही. २०१९ ला मसुदा, २०२५ ला पुन्हा मसुदा. या चर्चांत कापूस, मका, भाजीपाला, कंपन्या, नुकसानभरपाई सगळं येतं. चाऱ्याच्या बियाण्यावर मोर्चा निघालेला मी तरी बघितला नाही. कारण घास विकून कुणी श्रीमंत होत नाही आणि घास मेला म्हणून कुणाचा फोटो पेपरात येत नाही. गाईचं दूध दोन लिटरनं घटतं, तेवढंच. पशुखाद्याचं एक पोतं जास्त लागतं, तेही उधारीवर.

या वर्षी आम्ही दुसऱ्या वावरात घास टाकला. पाहुण्यांपैकी एकजण राहुरीकडं गेला होता, त्याला सांगून विद्यापीठाचं बी आणवलं. पावती आहे. पिशवी फोडताना वडिलांनी टॅग नीट कापून घेतला, त्याच्यामागं पेरणीची तारीख लिहिली आणि गाईंच्या विम्याच्या कागदांत ठेवून दिला. दुसरी कापणी परवा झाली. रोज संध्याकाळी ते वाफ्याच्या कडेनं वाकून चालतात, पिवळा धागा दिसतो का बघत. अजून दिसलेला नाही. पावसाळा काढू दे, मग मुळं चिरून बघू आणि फोटो टाकतो.

तुमच्या गावात तिसऱ्या वर्षीचा घासाचा वाफा उभा असेल तर कमेंटमध्ये गाव आणि वाणाचं नाव लिहा. बी कुठून आणलं आणि पिशवीला टॅग होता का, तेही.